गच्चीवर 'तृतीय रत्न' वाचायचं असेल तर

नाशिकमध्ये सातपूरला आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर आम्ही जोतीराव फुल्यांचं 'तृतीय रत्न' हे नाटक वाचलं. तुम्हालाही वाचायचं असेल तर आधी पाच माणसं गोळा करा. ग्रह सांगणारा भट जोशी, कुणबी, त्याची बायको, पाद्री आणि विदूषक. बारीकसारीक वाक्यं ज्याचा हात मोकळा असेल त्याने घ्यावीत.

संहिता फुल्यांच्या समग्र वाङ्मयात आहे. पानं मोठी करून झेरॉक्स काढा, गच्चीवरच्या ट्यूबच्या उजेडात बारीक अक्षर दिसत नाही. वार असा धरा की कंपनीला सुट्टी असेल. दुसऱ्या पाळीहून आलेला माणूस ऐकायला बसतो, पण डुलक्या घेतो.

सुरुवातीला दोनच मिनिटं बोला. हे नाटक १८५५ सालचं. जोतीरावांनी तेव्हा तिशीही गाठली नव्हती. मुलींची शाळा काढून सात वर्षं झाली होती. नाटक त्यांनी मराठी पुस्तकांना बक्षिसं देणाऱ्या दक्षिणा प्राइज कमिटीकडे दिलं, कमिटीने ते नाकारलं, आणि त्यांच्या हयातीत ते छापलंच गेलं नाही. तिसरं रत्न म्हणजे तिसरा डोळा, विद्येचा. एवढं पुरे, बाकीचं नाटकच सांगतं.

खरी मेहनत पहिल्या प्रवेशावर घ्या. कुणब्याची बायको गरोदर आहे. जोशी दारात येतो, पोटातल्या बाळावरच्या ग्रहांची भीती घालतो आणि घरातलं एकेक काढून घेतो. पहिल्या तालमीत मी विदूषक सोंगाड्यासारखा वाचला. लोक हसले, पण हसले त्या बाईला. फार वाईट वाटलं. मग विदूषकाला श्रोत्यांत बसवलं आणि आवाज खाली आणायला सांगितला. तो चिडतो तो जोश्यावर, बाईवर नाही, हे वाचणाऱ्याला आधी पटलं पाहिजे. बाईचं काम करणाऱ्या वहिनींना एवढंच सांगितलं, "ती भोळी नाही, घाबरलीय." जोशी काही मागतो तिथे त्या थांबायच्या, कनवटीला हात लावायच्या आणि मग बोलायच्या.

जुने शब्द बदलू नका. अडलेल्या शब्दाचा अर्थ समासात पेन्सिलीने लिहा. पाद्रीच्या भागात मात्र वेग ठेवा, तिथे लांबण लागते.

चहा मध्येच द्या, शेवटी नको. आमच्याकडे चहाच्या वेळी शेजारच्या आजी म्हणाल्या, "माझ्या लेकीच्या बाळंतपणात असंच सांगून ग्रहांची शांत करायला लावली. पैंजण मोडले तिचे." असं कुणी बोललं की घाई करू नका, बोलू द्या.

शेवटी नवरा-बायको फुल्यांच्या रात्रीच्या शाळेत जायला निघतात. इथे कागद खाली ठेवून दोघांनी खरोखर चालू लागावं. आमच्या वहिनी जिन्याने उतरत गेल्या, आणि पुढे बसलेल्या बाया उठून कठड्याशी आल्या, त्या कुठवर गेल्या ते बघायला.