अकरावी-बारावीची केमिस्ट्री: पेन हातात घेऊनच करा

दहावीपर्यंत केमिस्ट्री वाचून निघते, अकरावीपासून नाही निघत, आणि बहुतेक मुलं अडकतात ती इथेच, कारण विषय बदलतो पण अभ्यासाची सवय जुनीच राहते. धडा वाचला, ओळी हायलाइट केल्या, सगळं कळल्यासारखं वाटतं आणि गणित समोर आलं की सुरुवात कुठून करायची तेच सुचत नाही. म्हणून पेन आणि कोरा कागद घेतल्याशिवाय केमिस्ट्रीचं पुस्तक उघडायचंच नाही.

सुरुवात मोलपासून करा, बाकी काही मागे राहिलं तरी चालेल पण हा चॅप्टर कच्चा ठेवू नका, पुढे सोल्युशन्स, इक्विलिब्रियम, इलेक्ट्रोकेमिस्ट्री सगळीकडे हाच आडवा येतो. १ मोल म्हणजे ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात इतके कण, हे सगळ्यांना पाठ असतं. पण समीकरणातले आकडे मोलचे असतात, ग्रॅमचे नाही, हे हाताला बसलेलं नसतं. आता हे बघा, १० ग्रॅम हायड्रोजन आणि ६४ ग्रॅम ऑक्सिजन, पाणी किती ग्रॅम तयार होईल? समीकरणात १ मोल ऑक्सिजनला २ मोल हायड्रोजन लागतो, म्हणून हायड्रोजनच आधी संपेल असं वाटतं ना? मोल काढा. हायड्रोजन ५ मोल, ऑक्सिजन २ मोल. २ मोल ऑक्सिजनला ४ मोल हायड्रोजन पुरतो, म्हणजे आधी संपतो तो ऑक्सिजन. पाणी ४ मोल, म्हणजे ७२ ग्रॅम, आणि १ मोल हायड्रोजन, म्हणजे २ ग्रॅम, शिल्लक. आता बेरीज करून बघा, आधी ७४ होते, नंतर ७२ आणि २, परत ७४. ही शेवटची बेरीज करायला दहा सेकंद लागतात आणि चुकलं असेल तर तिथल्या तिथे कळतं, ही सवय लावाच.

फिजिकलमध्ये फॉर्म्युल्यापेक्षा युनिट जास्त मार्क खातात. डेल्टा जी म्हणजे रिअ‍ॅक्शन आपोआप होऊ शकते का ते सांगणारा आकडा, उणे आला तर होऊ शकते. तो काढताना डेल्टा एचमधून (उष्णतेतला बदल) तापमान गुणिले डेल्टा एस (एन्ट्रॉपीतला बदल) वजा करायचं असतं, पण डेल्टा एच किलोजूलमध्ये दिलेला असतो आणि डेल्टा एस जूलमध्ये. अमोनिया तयार होण्याची रिअ‍ॅक्शन घ्या, डेल्टा एच साधारण उणे ९२ किलोजूल, डेल्टा एस साधारण उणे १९८ जूल प्रति केल्विन. २९८ केल्विनला नीट केलं तर उत्तर उणे ३३ किलोजूल येतं, पण हजारने भागायचं राहिलं तर अधिक ५८,९१२, म्हणजे चिन्हच उलटं झालं आणि होणारी रिअ‍ॅक्शन होत नाही असं तुम्ही लिहून बसलात! प्रत्येक ओळीत आकड्यापुढे युनिट लिहा, कंटाळा आला तरी. आणि उणे ३३ आलं म्हणजे रिअ‍ॅक्शन झटपट होईल असंही नाही, साध्या तापमानाला नायट्रोजन आणि हायड्रोजन नुसते एकत्र पडून राहतात, म्हणून तर कारखान्यात लोखंडाचा कॅटलिस्ट आणि ४०० ते ४५० डिग्री सेल्सिअस लागतं. थर्मो (रिअ‍ॅक्शन होऊ शकते का) आणि कायनेटिक्स (किती वेगाने होते) हे दोन वेगळे प्रश्न आहेत हे एकदा डोक्यात बसलं की अर्धा गोंधळ संपतो.

ऑरगॅनिक मला सगळ्यात आवडतं आणि मुलं त्यालाच सगळ्यात जास्त घाबरतात, कारण रिअ‍ॅक्शन्सची यादी पाठ करायला घेतात. यादी सोडा, बाण काढा. बाण इलेक्ट्रॉन जिथे आहेत तिथून निघतो आणि ते जिथे जातात तिथे पोचतो, कधीही उलटा नाही. ब्रोमोइथेनवर हायड्रॉक्साइड थेट मागच्या बाजूने येतो आणि त्याच क्षणी ब्रोमीन सुटतो, एकच स्टेप, हा एसएन टू. तेच ब्रोमीन असलेल्या कार्बनला तीन मिथाइल असतील तर मागून शिरायला जागाच नाही, शिवाय ब्रोमीन गेल्यावर उरणारा कार्बोकॅटायन (धन प्रभार असलेला कार्बन) टिकाऊ, मग ब्रोमीन आधी निघून जातो, हा एसएन वन. हे चित्र पाच-सहा वेळा स्वतः काढलं की एसएन वन आणि एसएन टू मधला फरक पाठ करावाच लागत नाही.

इनऑरगॅनिकमध्ये थोडं पाठांतर आहेच, ते रोज थोडं थोडं करा. एक चूक मात्र आत्ताच टाळा, लोखंडाचा आयन होताना इलेक्ट्रॉन आधी फोर एस ऑर्बिटलमधले जातात, थ्री डीमधले नाही.

रिव्हिजनसाठी दुसऱ्या दिवशी पुस्तक बंद ठेवून कालचा टॉपिक कागदावर उतरवा, जे आठवलं नाही तेवढंच परत वाचा.

आणि प्रॅक्टिकल हलक्यात घेऊ नका. टायट्रेशनला शेवटी एकेक थेंब सोडा आणि फ्लास्क हलवत राहा, फिनॉल्फ्थॅलीन या इंडिकेटरचा एकदम फिका गुलाबी अर्धा मिनिट टिकला की थांबा. ब्युरेटमध्ये (थेंब सोडायची खुणांची उभी नळी) परमँगनेट असेल तर रंग इतका गडद असतो की द्रावणाच्या वक्र पृष्ठभागाची खालची कड दिसत नाही, तेव्हा रीडिंग वरच्या कडेवर घ्या, सुरुवातीचं पण आणि शेवटचं पण. फिनॉल्फ्थॅलीनचा गुलाबी रंग नंतर आपोआप उडाला तर घाबरून अजून थेंब टाकू नका, हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून तसं होतं, तुमचं रीडिंग बरोबरच आहे.