टोपणनावाने लिहिताना ओळख कशी जपावी

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरच्या आमच्या गृहसंकुलात एका निवृत्त शिक्षिकेने टँकरच्या पाण्याच्या हिशेबाविषयी टोपणनावाने लिहिले. मुद्दे रास्त होते आणि कोणावरही वैयक्तिक आरोप नव्हता. तरीही दुसऱ्या दिवशी सकाळी लिफ्टमध्येच त्यांना जाब विचारला गेला आणि पुढे कित्येक दिवस टोमणे ऐकावे लागले. त्यांचे नाव मजकुरात कोठेही नव्हते. मात्र गढूळ पाण्याच्या बादलीच्या फोटोत मागे ज्या निळ्या फरशा दिसत होत्या, त्या संकुलातील एकाच इमारतीत बसवलेल्या आहेत. ‘गेली अकरा वर्षे येथे राहते’ या वाक्यामुळे त्या इमारतीतील बहुतेक घरे वगळली गेली. आणि प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी येणारा ‘असो.’ सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सर्वांच्या ओळखीचा होता.

म्हणून लिहायला बसण्यापूर्वी आपल्याला नेमके कोणापासून लपायचे आहे, हे ठरवावे. शेजारी, वरिष्ठ अधिकारी, सासरची माणसे आणि सर्वस्वी अनोळखी वाचक यांच्याकडे आपल्याविषयीची माहिती सारखी नसते. अनोळखी माणसाला निळ्या फरशीवरून काहीच उमगणार नाही. शेजाऱ्याला मात्र तेवढी खूण पुरते, आणि माझ्या मते बहुतेक लिहिणाऱ्यांना खरी भीती असते ती याच जवळच्या वाचकाची.

अशा खुणा एकेकट्या निरुपद्रवी वाटतात, पण एकत्र आल्या की घात करतात. अमेरिकी संशोधिका लतान्या स्वीनी यांनी २००० साली दाखवून दिले होते की केवळ जन्मतारीख, लिंग आणि पाच अंकी पिनकोड एवढ्यावरून तेथील सुमारे ८७ टक्के लोक वेगळे ओळखता येऊ शकतात. नवी मुंबईत तर पत्ता सांगताना सेक्टरचा आकडा आपोआप तोंडी येतो. त्याला मुलाची इयत्ता आणि नोकरीचे ठिकाण जोडले की शोधणाऱ्याला फारसे काम उरत नाही. लिहून झाल्यावर प्रत्येक तपशिलाला विचारावे: हा काढला तर मुद्दा लंगडा पडतो का? पडत नसेल तर तो काढावा, पडत असेल तर ढोबळ करावा. ‘अकरा वर्षे’ऐवजी ‘बरीच वर्षे’ लिहिल्याने पाण्याच्या हिशेबात काहीच फरक पडला नसता.

लकबींचे काम अधिक अवघड आहे, कारण त्या आपल्या आपल्यालाच दिसत नाहीत. कोणी ‘मिळाले’च्या जागी ‘भेटले’ लिहितो, कोणी दर वाक्यानंतर तीन टिंबे देतो, कोणी ठरावीक शब्द नेहमी चुकीच्या ऱ्हस्व-दीर्घाने लिहितो. स्वतःचे जुने पन्नासेक संदेश सलग वाचून पाहावेत. वारंवार येणारे शब्द लगेच डोळ्यांत भरतात. मजकूर एक दिवस बाजूला ठेवून मग त्यातून ते शब्द वेचून काढावेत. याने प्रकाशनाची वेळही आपल्या नेहमीच्या वेळेपासून दूर जाते.

फोटो शक्यतो टाकूच नये. टाकायचाच असेल तर पार्श्वभूमी, आरशातील किंवा काचेतील प्रतिबिंब आणि खिडकीबाहेरचे दृश्य नीट तपासावे. कॅमेऱ्याला लोकेशनची परवानगी दिलेली असेल तर फोटोच्या फाइलमध्ये घेतल्याचे ठिकाण नोंदले जाते, वेळ आणि फोनचे मॉडेलही त्यात असू शकते. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवताना ही माहिती सहसा गळून जाते, मात्र डॉक्युमेंट म्हणून पाठवल्यास जशीच्या तशी पोहोचते. देखभाल शुल्काची पावती दाखवताना फ्लॅट क्रमांकाबरोबर क्यूआर कोडही झाकावा आणि त्यासाठी फोनमधील पारदर्शक ब्रश वापरू नये, कारण चित्र उजळ केले की खालचे आकडे वाचता येऊ शकतात. वर्डच्या फाइलमध्ये लेखक म्हणून आपले नाव राहिलेले असू शकते, तेही पुसावे.

खात्यासाठी वेगळा ईमेल आणि वेगळा पासवर्ड घ्यावा, आणि ॲपला संपर्कयादी पाहू देऊ नये. नाहीतर ज्यांच्या फोनमध्ये आपला क्रमांक आहे, त्यांनाच आपले नवे खाते ओळखीचे म्हणून सुचवले जाऊ शकते. महापे किंवा ऐरोलीच्या कार्यालयाविषयी लिहायचे असेल तर कार्यालयाचा लॅपटॉप आणि तेथील वायफाय यांना हातही लावू नये. व्हीपीएनने, म्हणजे आपला इंटरनेट वापर झाकणाऱ्या सेवेने, वायफाय चालवणाऱ्यापासून आडोसा मिळतो, परंतु सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची नावे, पत्ते आणि आयपी पत्ते किमान ५ वर्षे जपण्यास सांगितले आहे.

खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २०१७ साली मान्य केले. तरीही टोपणनावाने केलेली बदनामी ही बदनामीच असते, आणि भारतीय न्याय संहितेचे कलम ३५६ तिला लागू होते. ज्याचा कागद आपल्या हाती आहे तेवढेच लिहावे, आणि इतरांची नावेही आपल्या नावाइतक्याच काळजीने झाकावीत.

एवढे करूनही कोणी ग्रुपवर ‘हे कोणी लिहिले?’ असे विचारले, तर मजकूर घाईने काढून टाकू नये. त्या प्रश्नानंतर काही मिनिटांतच तो नाहीसा झाला, तर लिहिणारा याच ग्रुपमध्ये आहे, हे विचारणाऱ्याला कळून चुकते.