परसात ऑस्ट्रालॉर्प पाळताय? या चुका टाळा

ऑस्ट्रालॉर्प या कोंबडीच्या जातीची पिल्लं विकणारा एक आकडा हमखास ऐकवतो: ३६५ दिवसांत ३६४ अंडी. आकडा खोटा नाही. ऑस्ट्रेलियात या जातीच्या एका कोंबडीने तो गाठला होता, आणि त्याआधी १९२२-२३ मध्ये सहा कोंबड्यांनी मिळून वर्षभरात १,८५७ अंडी दिली होती. पण त्या निवडून काढलेल्या कोंबड्या होत्या, खाणं मोजून दिलेल्या. आपल्या परसात वर्षाकाठी दीडशे-दोनशे अंडी मिळाली तर खुशाल समाधान मानावं. तीनशेचा हिशेब मांडून दहा पिल्लं आणणारा माणूस सहाव्या महिन्यात वैतागतो. त्यात त्या दहांतले चार-पाच कोंबडे निघतात, ते वेगळंच. दीड-दोन महिन्यांत ज्यांचे तुरे लवकर मोठे आणि लाल होतात, ते बहुतेक नर. आठ-दहा माद्यांमागे एक नर पुरतो. बाकीच्यांचं काय करायचं ते घरात आधीच ठरवून ठेवा, कारण पोरं तोवर त्यांना लाडाची नावं देऊन मोकळी होतात.

दुसरी चूक नेमकी उलट्या बाजूची. ‘कोंबडीच ती, गावरानसारखी हिंडेल, वेचून खाईल, रात्री आंब्यावर जाऊन बसेल.’ नाही बसत. १८८६ च्या सुमारास विल्यम कुक यांनी इंग्लंडमधल्या केंट परगण्यात ऑर्पिंग्टन ही काळी, भारदस्त जात तयार केली. ती ऑस्ट्रेलियात गेली आणि तिथल्या लोकांनी दिसण्यापेक्षा अंड्यांवर डोळा ठेवून तिची निवड केली. ऑस्ट्रेलियाचा ऑर्पिंग्टन तो ऑस्ट्रालॉर्प. कोंबडा साडेतीन-चार किलोंचा, कोंबडी तीन किलोंच्या आसपास. स्वभाव इतका गरीब की लहान मूलसुद्धा काखेत धरून फिरवतं. पण हाच गरीबपणा कुत्र्यामुंगसापुढे नडतो. गावरान कोंबडी फडफडत कौलावर जाते, ही बापडी जागच्या जागी गोंधळते. दिवसा मोकळी सोडा, पण माणसाची नजर असू द्या. तिन्हीसांजेला खुराड्यात घेऊन कडी लावा. जाळी बारीक भोकाची हवी आणि तिची कड वीतभर जमिनीत पुरलेली हवी, कारण मुंगूस खालून उकरतं.

खुराड्यातली बसायची काठी उंच बांधू नका. जड कोंबडी रोज उंचावरून दाणकन उतरली की तळपायाला जखम होते, ती चिघळते, गाठ धरते आणि कोंबडी लंगडायला लागते. दीड-दोन फूट उंची पुरे. गोल बांबूपेक्षा दोन इंच रुंदीची, कडा घासलेली फळी चांगली.

खरेदीच्या वेळी दोन गोंधळ ठरलेले. पिल्लांच्या पोटावर आणि पंखांच्या टोकांवर पांढरट पिसं दिसली की लोक ‘भेसळ आहे’ म्हणून परत करायला निघतात. तशी ती असतातच. मोठेपणी पक्षी काळाभोर होतो आणि उन्हात हिरवट चमकतो. दुसरा गोंधळ कडकनाथचा. मला एकदा कडकनाथ म्हणून आठ पिल्लं मिळाली होती. तीन महिन्यांनी लालभडक तुरे डोलवत ती अंगणात फिरू लागली, तेव्हा आपण कडकनाथचे पैसे मोजून ऑस्ट्रालॉर्प आणले हे कळलं. कडकनाथचा तुरा, कातडी, मांस सगळंच काळपट असतं. ऑस्ट्रालॉर्पचा तुरा लाल आणि कातडी पांढरी.

पिल्लांच्या बाबतीत घोळ होतो तो ऊब आणि लस यांत. पहिल्या आठवड्यात ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत जायचं. थर्मामीटर नसेल तर पिल्लं बघा. दिव्याखाली एकमेकांवर चढत असतील तर गारठलीत, कडेला जाऊन चोची वासत असतील तर भाजतायत. खाली नुसता गुळगुळीत वर्तमानपत्राचा कागद अंथरू नका, पाय फाकतात आणि पिल्लू कायमचं अधू होऊ शकतं. भाताचं तूस उत्तम.

लशीचं म्हणाल, तर ‘दहाच तर कोंबड्या आहेत’ ही सबब मानमोडी ऐकून घेत नाही. मानमोडी म्हणजे राणीखेत; ती आली की आठवड्याभरात डालगं रिकामं. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा (ही राणीखेतचीच लस), दुसऱ्या आठवड्यात गंबोरो रोगाची, चौथ्यात पुन्हा लासोटा, सहाव्याला देवीची आणि आठव्याला राणीखेतची टोचायची लस, असा साधारण क्रम असतो. तुमच्या भागातला नेमका क्रम पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्या. अडचण अशी की लशीची कुपी शंभर-दोनशे पक्ष्यांची असते आणि एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. आमच्या आळीत चार घरं मिळून एकच दिवस ठरवतात. कुपी बर्फातूनच आणायची. खिशात घालून उन्हातून आणलेली लस म्हणजे रंगीत पाणी. पाण्यातून द्यायची असेल तर नळाचं क्लोरीनचं पाणी नको, विहिरीचं घ्या.

आता खाणं, कारण सगळ्यात जास्त अंडी इथेच बुडतात. ऑस्ट्रालॉर्प खादाड आहे. शिळी पोळी, भात, मूठभर ज्वारी, पुन्हा संध्याकाळी भात असं चाललं की कोंबडी दोन महिन्यांत गुबगुबीत होते. आजी कौतुकाने म्हणते, ‘काय बाळसं धरलंय!’ ते बाळसं पोटात चरबी होऊन बसतं. अंडी कमी होतात, कधी अंडं अडकून कोंबडी दगावते. दिवसाला सव्वाशे ग्रॅमच्या आसपास लेअर खाद्य, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य, हे मुख्य जेवण. भात-पोळी मूठभर, तीही दुपारनंतर. हिरवा पाला, लसूणघास, अझोला (पाण्यावर वाढणारं शेवाळासारखं हिरवं खाद्य) हवा तेवढा. खारट, तेलकट उरलंसुरलं नको. पावसाळ्यात बुरशी धरलेला मका तर कोंबड्यांनाही घालू नका, त्याचं विष यकृतावर जातं.

याच्या उलटी चूकही होते. अंडी लवकर यावीत म्हणून तीन महिन्यांच्या तलंगांना लेअर खाद्य सुरू करतात. त्यातलं जादा कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडांना झेपत नाही. पहिलं अंडं पाच-सहा महिन्यांनीच येणार, तोवर ग्रोअर, म्हणजे वाढत्या वयाचं खाद्य, चालू द्या. अंडी सुरू झाल्यावर शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा. जिला हवा ती खाते. पातळ कवचाची अंडी येऊ लागली की आधी ती वाटी बघावी, नंतर औषधाचं दुकान.

आणि उन्हाळा. काळी पिसं, दाट पिसारा, जड अंग, त्यात आपल्याकडचा एप्रिल-मे. विदर्भ-मराठवाड्यात तर पारा ४० च्या वर आठवडेच्या आठवडे राहतो. चोच उघडी, पंख अंगापासून सुटलेले, कोंबडी गप्प उभी. हे दिसलं की उशीर होत आलाय. पत्र्याचं छप्पर असेल तर वर उसाचं पाचट टाका, पत्र्याला चुना मारा, बाजूंना ओलं गोणपाट सोडा. पाण्याची भांडी दोन-तीन, सावलीत, दुपारी बदललेली. खाद्य पहाटे आणि ऊन उतरल्यावर, कारण भर दुपारी पोट भरलं की अंगातली उष्णता आणखी वाढते. झापड आलेल्या कोंबडीला सावलीत घेऊन पाय थंड पाण्यात धरा, चोचीला पाणी लावा. बर्फाच्या पाण्यात अख्खी बुडवू नका. त्या दिवसांत अंडी कमी झाली तर तिला दोष देऊ नये.

पावसाळ्यात तूस ओलं राहिलं की लहान पिल्लांना रक्ती हगवण लागते. तूस रोज हलवा, ओला भाग काढून टाका. विष्ठेत रक्त दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. काळ्या पिसांत उवा लपतात, म्हणून महिन्यातून एकदा शेपटाखालची पिसं उलटून बघत जा. राख-मातीचा एक खड्डा करून ठेवला तर निम्मं काम कोंबड्याच करतात.

अंडी एकाएकी बंद झाली की लोक थेट टॉनिक आणतात. त्याआधी गवताची गंजी, लाकडाची मोळी, जुनी टोपली बघा. मोकळ्या कोंबड्या चोरून अंडी घालतात. मग पिसं झडतायत का बघा, कारण त्या काळात अंडी बंदच असतात, दोन-तीन महिनेसुद्धा. यांतलं काही नसेल आणि ती अंडी घालायच्या खोक्यातून उठायला तयार नसेल, हात लावला की फुगून गुरगुरत असेल, तर ती खुडूक आहे, म्हणजे उबवायला बसली आहे. पाण्यात बुचकळणं, नाकात पीस घालणं हे जुने प्रकार सोडून द्या. खालून हवा लागेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात, गवत न घालता, दाणापाण्यासह तीन-चार दिवस ठेवली की उठते. आणि पिल्लं हवीच असतील तर तिच्याखाली दहा-बारा अंडी ठेवून एकवीस दिवस तिला तिच्या तंद्रीत बसू द्या.