मधुमेह, रक्तदाब आणि वाढता विसराळूपणा : या चुका टाळा

अनेक वर्षे मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असलेली ज्येष्ठ व्यक्ती गोष्टी विसरू लागली की ‘आता वय झाले’ असे म्हणून विषय मिटवला जातो. ही चूक सर्वांत घातक ठरू शकते. विसराळूपणा किती वेगाने आला, हे आधी पाहावे. एक-दोन दिवसांतच माणूस गोंधळला, असंबद्ध बोलू लागला किंवा गुंगीत राहू लागला, तर संसर्ग, रक्तातील सोडियम घटणे, साखर खाली जाणे किंवा नव्या औषधाचा परिणाम अशा कारणांचा संशय घेऊन त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

साखर जितकी कमी तितका मेंदू सुरक्षित, हा समजही तपासून घ्यावा. ‘अ‍ॅकॉर्ड’ या उत्तर अमेरिकेतील मोठ्या चाचणीत तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ६ टक्क्यांखाली आणण्याचा प्रयत्न झाला. त्या गटात मृत्यू वाढल्यामुळे २००८ मध्ये ते कडक उपचार थांबवावे लागले आणि स्मरणशक्तीच्या चाचण्यांतही लक्षणीय फायदा दिसला नाही. उलट साखर वारंवार फार खाली जाणे हे वृद्ध मेंदूला धोक्याचे आहे. एकादशी-चतुर्थीला जेवण टाळायचे, पण साखर कमी करणारी ग्लिमेपिराइडची गोळी किंवा इन्सुलिन मात्र नेहमीप्रमाणे घ्यायचे, हा आपल्याकडचा प्रकार म्हणूनच उपवासाआधी डॉक्टरांच्या कानावर घालायला हवा.

रक्तदाबाचे चित्र वेगळे आहे. ‘स्प्रिंट’ चाचणीत पन्नाशीपुढच्या ९,३६१ जणांपैकी ज्यांचा वरचा दाब १२० च्या खाली ठेवण्याचे उद्दिष्ट होते, त्यांच्यात सौम्य बौद्धिक ऱ्हासाचे प्रमाण १४० खालच्या उद्दिष्टाच्या गटापेक्षा कमी आढळले. स्मृतिभ्रंशातील घट मात्र संख्याशास्त्रीयदृष्ट्या निर्णायक नव्हती. बातम्यांतून सहसा गळणारा तपशील असा, की मधुमेही आणि पक्षाघात होऊन गेलेले रुग्ण या चाचणीत घेतलेलेच नव्हते. शिवाय तेथे रुग्णाला पाच मिनिटे शांत बसवून दाब मोजला जाई. जिना चढून आल्याबरोबर घेतलेल्या आकड्याची त्याच्याशी तुलना करू नये. उठताना चक्कर येत असेल तर उभे राहूनही दाब मोजून घ्यावा.

मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध दीर्घकाळ घेणाऱ्यांची, त्यातही शाकाहारी व्यक्तींची, बी-१२ जीवनसत्त्वाची तपासणी राहून जाते; त्याच्या कमतरतेनेही विसराळूपणा येऊ शकतो. सर्दीसाठी दुकानातून आणलेली क्लोरफेनिरामिनची गोळी किंवा झोपेसाठी चालू राहिलेली अमिट्रिप्टिलीन स्मृती मंदावू शकते, पण ती औषधांच्या यादीत कोणी सांगतच नाही. ऐकू कमी येणे आणि नैराश्य यांनाही अनेकदा विसराळूपणा समजले जाते.

सर्वांत दुर्लक्षित चूक औषधांच्या डब्यापाशी होते. जो विसरतो, त्याच्यावरच गोळ्यांची जबाबदारी राहते. गोळ्या चुकतात, साखर वाढते, आणि डॉक्टर ती आटोक्यात नाही असे समजून मात्रा वाढवतात. पुढे मुलगा किंवा सून नियमाने औषधे देऊ लागली की तीच वाढीव मात्रा साखर एकदम खाली आणते. त्यामुळे मात्रा वाढवण्याआधी किती गोळ्या उरल्या आहेत ते घरच्यांनी मोजावे, आणि औषधे देण्याचे काम स्वतःकडे घेतले त्याच आठवड्यात डॉक्टरांना तसे कळवावे.