निर्वासित म्हणून परदेशी जाताना पासपोर्टच्या या चुका टाळा

भारतात राहणाऱ्या एखाद्या अफगाण कुटुंबाचं कॅनडाला किंवा ऑस्ट्रेलियाला पुनर्वसन व्हायची शक्यता दिसली, की ओळखीतलं कुणीतरी हमखास सांगतं, "आधी पासपोर्ट रिन्यू करून घ्या." आपल्यासाठी हा सल्ला बिनधोक आहे. निर्वासितासाठी मात्र तोच अंगाशी येऊ शकतो. पुण्यात अनेक वर्षांपासून अफगाण विद्यार्थी आहेत. त्यांना फॉर्म भरून देणारे वर्गमित्र, घरमालक, प्राध्यापक यांनी पुढच्या गोष्टी नीट वाचाव्यात.

न विचारता वकिलातीत जाणं

1951 च्या निर्वासित करारात एक कलम आहे: जो माणूस स्वखुशीने पुन्हा मायदेशाचं संरक्षण घेतो, त्याचा निर्वासित दर्जा संपू शकतो. मायदेशाचा पासपोर्ट काढणं किंवा त्याची मुदत वाढवणं ही त्याची खूण मानली जाते. भारताने या करारावर सही केलेली नाही, पण कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाने केली आहे, आणि फाइल त्यांचेच अधिकारी तपासतात. शिवाय अर्जात पत्ता, फोन, नातेवाइकांची नावं लिहून द्यावी लागतात. ऑगस्ट 2021 नंतर काबूलमध्ये तालिबानची सत्ता आहे. ज्यांच्या भीतीने घर सोडलं, त्यांच्याच हाती ही माहिती जाऊ शकते.

म्हणून आधी यूएनएचसीआरच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक संस्थेच्या, दिल्ली कार्यालयाला किंवा वकिलाला लेखी विचारा. नूतनीकरण करावंच लागलं, तर ते का करावं लागलं आणि कुणी मागितलं, याचा ईमेल किंवा पत्र जपून ठेवा. मुलाखतीत हा प्रश्न येतो, आणि तेव्हा आठवणीपेक्षा कागद कामाला येतो.

उलट बाजूही आहे. कुणी निव्वळ विद्यार्थी व्हिसावर असेल आणि त्याने आश्रय मागितलेला नसेल, तर पासपोर्ट संपू देणं हीच चूक ठरते, कारण व्हिसाची मुदतवाढ अडते. नवा पासपोर्ट आल्यावर जुना फेकू नका. व्हिसा आणि भारतात आल्याचा शिक्का त्यातच असतो, आणि ई-एफआरआरओ या परदेशी नागरिकांच्या नोंदणीच्या सरकारी पोर्टलवर व्हिसाची नोंद नव्या पासपोर्टवर घ्यावी लागते.

पासपोर्ट नाही म्हणून घाबरून विकत घेणं

पुनर्वसनासाठी पासपोर्ट लागतोच असं नाही. निवड झालेल्यांना कॅनडा एकाच प्रवासाचा दस्तऐवज देऊ शकतो. रेडक्रॉसची आंतरराष्ट्रीय समिती 1945 पासून आपत्कालीन प्रवासपत्र देते, तेही मोफत आणि एका प्रवासापुरतं. कुठला कागद चालेल हे स्वीकारणारा देश ठरवतो, तेव्हा तो काय सांगतो याची वाट पाहा. यूएनएचसीआरचं ओळखपत्र मात्र प्रवासाचा कागद नव्हे. त्यावर विमानात बसता येत नाही.

यूएनएचसीआरमार्फत होणाऱ्या पुनर्वसनाला एक पैसाही लागत नाही. "लाखभर द्या, यादीत नाव घालतो" म्हणणारा फसवतोय. बनावट पासपोर्ट वापरल्यास 2025 च्या इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायद्यात 2 ते 7 वर्षं कैद आणि 1 ते 10 लाख रुपये दंड आहे. एजंटाने काढून दिलेलं भारतीय मतदार ओळखपत्रही तितकंच घातक.

जन्मतारीख आणि नाव

सगळ्यात जास्त फाइली इथे अडतात. अफगाण तझकिऱ्यावर, म्हणजे तिथल्या राष्ट्रीय ओळखपत्रावर, तारीख हिजरी शम्सी पंचांगाची असते, आणि जुन्या तझकिऱ्यावर तर कित्येकदा फक्त "अमुक साली वय इतकं" एवढंच लिहिलेलं असतं. शम्सी वर्ष 20-21 मार्चच्या सुमारास बदलतं. त्यामुळे इसवी साल काढताना वर्षात सरसकट 621 मिळवून चालत नाही: नवरोजपासून (शम्सी नववर्षाच्या दिवसापासून) 31 डिसेंबरपर्यंत 621, आणि 1 जानेवारीपासून पुढच्या नवरोजपर्यंत 622. 15 दल्व (शम्सी अकरावा महिना) 1370 म्हणजे 4 फेब्रुवारी 1992. घाईत 1991 लिहिलं की एकाच माणसाच्या दोन जन्मतारखा होतात.

पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाला 44-44 अक्षरांच्या दोन ओळी असतात. दुसऱ्या ओळीत एएफजी या देशाच्या खुणेनंतरचे सहा आकडे म्हणजे जन्मतारीख: वर्ष, महिना, दिवस. 920204 दिसलं तर 4 फेब्रुवारी 1992. ते वर छापलेल्या तारखेशी, तझकिऱ्याशी आणि यूएनएचसीआरच्या नोंदीशी ताडून पाहा. याच ओळीत लिंगाच्या अक्षरानंतर मुदतीची तारीख असते. हाताने मारलेला मुदतवाढीचा शिक्का ती बदलत नाही, म्हणून काउंटरवरच्या यंत्राला असा पासपोर्ट संपलेलाच दिसतो.

अनेक अफगाणांना आडनाव नसतं. म्हणून एका फॉर्मवर वडिलांचं नाव आडनावाच्या रकान्यात, दुसऱ्यावर आजोबांचं, असं करू नका. स्पेलिंगचंही तेच: मोहम्मद एका कागदावर ओ घालून आणि दुसऱ्यावर यू घालून नको. फरक आधीच पडला असेल, तर लपवू नका. सगळ्या कागदांवरची रूपं एका शपथपत्रात मांडा आणि ती एकाच व्यक्तीची आहेत असं लिहा.

फोटोही देशागणिक वेगळा: अमेरिकेला 51 बाय 51 मिलिमीटर, कॅनडाच्या कायम निवासाला 50 बाय 70.

इथे जन्मलेलं बाळ

जन्माची नोंद 21 दिवसांत महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत करा. वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश आणावा लागतो. दाखल्यावर आईवडिलांची नावं त्यांच्या कागदांवर आहेत तशीच हवीत. कारकुनाने मराठी कानाने लिहिलेलं नाव तिथेच दुरुस्त करून घ्या. आईवडील दोघेही परदेशी असतील, तर इथे जन्मलं म्हणून बाळाला भारतीय पासपोर्ट मिळत नाही. बाळाचं नाव यूएनएचसीआरच्या केसमध्ये लगेच घाला. निवड झाल्यानंतर नवं नाव जोडलं की अख्ख्या कुटुंबाची तपासणी लांबते.

भारतातून बाहेर पडण्याची परवानगी

तिकडचा व्हिसा आला, तरी ज्याचा इथला व्हिसा संपला आहे त्याला एक्झिट परमिट लागतं. अर्ज ई-एफआरआरओवरच करायचा. तिथे हमखास अडतो तो पत्त्याचा पुरावा: लीव्ह अँड लायसन्स करार 11 महिन्यांनी संपलेला, किंवा घरमालकाने परदेशी भाडेकरूची ऑनलाइन नोंद, ज्याला लोक फॉर्म सी म्हणतात, केलेलीच नाही. घरमालकांनो, ती 24 तासांत करायची असते. पासपोर्ट हरवला असेल, तर पोलीस तक्रारीत पासपोर्ट आणि व्हिसा दोन्हींचे क्रमांक लिहा. नुसतं "बॅग हरवली" एवढं पुरत नाही.

तिकीट हातात येईपर्यंत घर सोडू नका, नोकरीही नाही. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेने निर्वासितांचा प्रवेश थांबवला, तेव्हा ठरलेली विमानंही रद्द झाली होती.

पोहोचल्यावर

कॅनडात 2012 च्या डिसेंबरपासून निर्वासित दर्जा मायदेशाचं संरक्षण पुन्हा घेतल्याच्या कारणाने संपवला गेला, तर कायम निवासही जातो. तेव्हा नागरिकत्व मिळेपर्यंत मायदेशाच्या पासपोर्टवर प्रवास करू नका, लग्नासाठी नाही, आजारी आईला भेटायलाही नाही. तिथल्या सरकारकडून निर्वासितांचं प्रवासपत्र काढा आणि तिकीट घेण्याआधी वकिलाशी बोला. हे प्रवासपत्रही ज्या देशातून पळून आलात, त्या देशात जायला चालत नाही.