पानथरीतील हॅमार्टोमा : निदान करताना या चुका टाळा

गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाकडच्या खेड्यांत सिकलसेल (तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) आणि मलेरियामुळे पानथरी वाढलेले रुग्ण नेहमीच आढळतात. अशा पानथरीत एखादी गोल, भरीव गाठ दिसली की ती मूळ आजाराचाच भाग समजून सोडून दिली जाते, नाहीतर लगेच लिम्फोमाची (लसिका पेशींच्या कर्करोगाची) शंका लिहून घरच्यांची झोप उडवली जाते. या दोन टोकांमध्ये हॅमार्टोमा ही दुर्मिळ, कर्करोग नसलेली गाठ लक्षातच येत नाही. विकृतिशास्त्रज्ञ रोकिटान्स्की यांनी १८६१ मध्ये वर्णन केलेली ही गाठ पानथरीच्याच ऊतींची, पण विस्कळीत मांडणीची असते, आणि तिच्या बहुतेक खुणांचे मूळ याच गोष्टीत आहे.

म्हणूनच कॉन्ट्रास्ट (शिरेतून देण्याचे, प्रतिमा उजळ करणारे औषध) न देता काढलेल्या सीटीवर निर्धास्त राहू नये. तिथे गाठ आणि निरोगी पानथरी यांची घनता जवळपास सारखीच असल्याने, अनेकदा कडेला आलेला फुगवटा एवढीच खूण हाती लागते.

कॉन्ट्रास्ट दिल्यावरची चूक मला अधिक गंभीर वाटते. इंजेक्शननंतर पहिल्या अर्ध्या मिनिटात निरोगी पानथरीतही गडद-फिकट पट्टे उमटतात, कारण तिच्या वेगवेगळ्या भागांत रक्त वेगवेगळ्या गतीने पसरते. या पट्ट्यांनाच अनेक गाठी समजले जाते किंवा खरी गाठ त्यांत लपून जाते. साधारण ७० सेकंदांनंतरच्या, पोर्टल टप्प्यातील (औषध शिरांपर्यंत पोहोचल्यावरच्या) प्रतिमा पाहिल्याशिवाय पानथरीबद्दल मत देऊ नये. हॅमार्टोमा सुरुवातीला असमान उजळतो आणि उशिराच्या प्रतिमांत बराचसा एकसारखा होतो.

सोनोग्राफीत डॉप्लर (रक्तप्रवाह दाखवणारी सोय) न लावणे हीदेखील टाळता येण्याजोगी चूक आहे. रुग्णाला उजव्या कुशीवर वळवून, श्वास रोखायला सांगून, डाव्या बरगड्यांच्या फटीतून पाहिल्यास स्पष्ट कडांच्या या भरीव गाठीत बहुधा भरपूर रक्तप्रवाह दिसतो. एमआरआयच्या टी-२ प्रतिमेत (पाणी उजळ दाखवणाऱ्या प्रकारात) ती सहसा उजळ असते; तंतुमय ऊती जास्त असल्यास मात्र गडद दिसू शकते.

सिकलसेलच्या रुग्णांत आणखी एक चकवा आहे. काहींची पानथरी वाढण्याऐवजी आक्रसते; अशा आक्रसलेल्या, कॅल्शियम साचलेल्या पानथरीत शिल्लक राहिलेली निरोगी ऊतींची बेटे सोनोग्राफीत काळपट आणि सीटीवर कमी घनतेची दिसतात, त्यामुळे त्यांनाच गाठ म्हटले जाते. सिकलसेलच्या तपासणीचा कागद आणि जुने रिपोर्ट मागवल्याशिवाय अशा गाठीला नाव देऊ नये.

केवळ प्रतिमांवरून हॅमार्टोमाची पूर्ण खात्री देता येत नाही, हे रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहावे. मात्र त्याचा अर्थ पानथरी लगेच काढावी असा होत नाही. त्रास नसेल आणि खुणा सौम्य गाठीच्या असतील, तर काही महिन्यांनी पुन्हा प्रतिमा घेऊन तुलना करणे बहुधा पुरेसे ठरते. शस्त्रक्रिया ठरलीच, तर न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिमोफिलस या जंतूंविरुद्धच्या लसी किमान दोन आठवडे आधी द्याव्यात. पानथरी काढल्यानंतर मलेरिया अधिक तीव्र होऊ शकतो. म्हणून जंगलपट्ट्यात राहणाऱ्या रुग्णाला, ताप आल्यास त्याच दिवशी रक्त तपासून घेण्याची सूचना डिस्चार्ज कार्डावरच लिहून द्यावी.