स्टार मॅग्नोलिया लावताय? आधी जागा नीट बघा

मार्च आला की इथे न्यू जर्सीत आपली माणसं हमखास विचारतात, सोनचाफा बाहेर जमिनीत लावला तर जगेल का? नाही जगणार हो, त्याला कुंडीतच ठेवा आणि थंडी पडायच्या आत घरात घ्या. पण सोनचाफासुद्धा मॅग्नोलियाच, आणि त्याची जपानमधली बहीण स्टार मॅग्नोलिया इथल्या बर्फात आरामात उभी राहते, १०-१५ फुटांवर थांबते आणि पान यायच्या आधी पांढऱ्या फुलांनी भरून जाते. वास मंद असतो, सोनचाफ्यासारखा घमघमाट नाही येत.

आता मुख्य गोष्ट, जागा. आपल्याला वाटतं इथे थंडी फार, मग झाडाला ऊबदार कोपरा द्यावा, मीही तेच केलं, दक्षिणेकडच्या भिंतीला लावलं आणि मार्चमधल्या चार उबदार दिवसांत सगळ्या कळ्या उमलल्या, पाचव्या रात्री फ्रॉस्ट (दव गोठवणारी थंडी) पडला आणि सकाळी बघते तर सगळी फुलं वापरलेल्या टी-बॅगसारखी तपकिरी होऊन लोंबत होती, इतकं वाईट वाटलं. झाडाला काही होत नाही, पण त्या वर्षीचा बहर गेला तो गेलाच. म्हणून भिंतीपासून लांब, मोकळ्यावर लावा, ऊन हवंच पण कळ्या जरा उशिरा जाग्या झाल्या पाहिजेत. झाड लहान असेल तर फ्रॉस्टच्या रात्री जुनी चादर टाका, सकाळी काढा. आणि ही रिस्कच नको असेल तर सरळ मॅग्नोलियाच्या ॲन, बेटी, जेन, सुझन या जातींतलं काहीतरी घ्या, अमेरिकेच्या नॅशनल आर्बोरेटमने (सरकारी वृक्षबागेने) १९५०च्या दशकात केलेले हे संकर, स्टारपेक्षा २-४ आठवडे उशिरा फुलतात, रंग जांभळट गुलाबी.

लावायला एप्रिल चांगला. मुळं जाड, मऊ, दोरीसारखी असतात आणि पटकन तुटतात, म्हणून कुंडीतून काढताना ओढाओढी करू नका आणि एकदा लावलं की जागा बदलू नका. खड्डा रुंद घ्या, खोल नको, कुंडीत माती जिथपर्यंत होती तिथपर्यंतच भरा. माती किंचित आम्ल आणि निचऱ्याची हवी. वर २-३ इंच मल्च (पालापाचोळा, सालींचं आच्छादन), पण खोडाला टेकवू नका. बुंध्याशी कुदळ-खुरपं अजिबात नको, मुळं अगदी वरच असतात. पहिली दोन वर्षं उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा सावकाश, भरपूर पाणी.

छाटणी करायचीच असेल तर फुलं गळल्या गळल्या करा. पुढच्या वर्षीच्या कळ्या उन्हाळ्यातच धरतात, हिवाळ्यात फांदीच्या टोकाला हात लावून बघा, मांजराच्या पंजासारखी लव लागते, तीच कळी. तेव्हा कात्री चालवली तर फुलंच कापाल.

आणि उन्हाळ्याच्या शेवटी पानं चिकट, काळपट दिसली तर फांद्या खालून बघा, खवले कीड असते, थोडी असेल तर जुन्या टूथब्रशने घासून काढा, जास्त असेल तर पानं गळून झाड झोपलेलं असताना हॉर्टिकल्चरल ऑइल (झाडांवर फवारायचं तेल) मारा.